नायगाराचं पाणी रात्री कुठे जातं?

अमेरिकेत मुलांकडे येऊन गेलेल्या मराठी आईवडिलांचा एक फोटो बहुतेक घरांत सापडतो. अंगात निळा पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट, त्याखाली साडी आणि स्पोर्ट्स शूज, बाबांच्या चष्म्यावर पाणी, आणि मागे नुसता पांढरा धूर. तो धूर म्हणजे नायगारा. आमच्याही घरात असा एक फोटो फ्रिजवर आहे. तोच फोटो कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी बघितला तर रेनकोट तांबडा असतो. दोन्ही देशांच्या बोटी त्याच खळाळत्या पाण्यात, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर फिरतात. माणूस कुठल्या देशातून चढला ते रेनकोटच्या रंगावरून कळतं.

गेल्या ऑगस्टमध्ये चार दिवस बफेलोला मित्राकडे राहून आलो. हा माझा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला रूम-पार्टनर. दोघांचं मिळून एकच टेबल होतं आणि त्यावरही त्याचीच पुस्तकं असायची. तो इलेक्ट्रिकल शिकला आणि पुढे आयुष्यभर वीज वाहून नेणाऱ्या तारांचं काम करत राहिला. बफेलोत त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. न्यू जर्सीहून सात तास गाडी हाकून पोचलो, वहिनींच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीचा बेत विचारला, तर हा म्हणतो, "धबधबा तू तीनदा बघितलायस. या वेळी पाणी दाखवतो."

त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही, पण पुढचे चार दिवस आम्ही जे बघत आणि बोलत हिंडलो, त्यातून नायगाराचा एक वेगळाच इतिहास समोर आला. परत आल्यावर थोडं वाचनही केलं. तेच इथे लिहून ठेवतोय. लेख जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. नायगारा ही तशी आखूड नदी, जेमतेम ५८ किलोमीटरची. ईरी सरोवरातून निघते आणि ऑन्टारिओ सरोवराला मिळते. मधल्या एवढ्याशा अंतरात पाणी सुमारे शंभर मीटर खाली उतरतं आणि त्यातला निम्मा उतार एकाच उडीत संपवतं. मधोमध गोट आयलंड नावाचं बेट आहे. त्याच्या एका बाजूला अमेरिकन धबधबा आणि त्याला खेटून छोटासा ब्रायडल व्हेल; दुसऱ्या बाजूला घोड्याच्या नालेसारखा वळलेला प्रचंड हॉर्सशू, जो बहुतांशी कॅनडाच्या हद्दीत येतो. बारा हजार वर्षांपूर्वी हा धबधबा इथे नव्हताच. तो सुमारे अकरा किलोमीटर खाली, आजच्या क्वीन्स्टनपाशी होता. खालचा मऊ दगड झिजतो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, तुटतो, आणि धबधबा मागे सरकतो. असं करत करत तो आजच्या जागी आलाय.

नदी अशी सरकत असताना माणसांनी तिच्या मधोमध एक रेघ मारली. १७८३ च्या पॅरिसच्या तहाने अमेरिका स्वतंत्र झाली आणि ही नदी दोन राज्यांमधली सरहद्द ठरली. आज त्या सरहद्दीवर आइस्क्रीम खात उभं राहता येतं, पण १८१२ ते १८१४ या वर्षांत इथे रक्ताचे पाट वाहिले. १३ ऑक्टोबर १८१२ ला क्वीन्स्टनच्या टेकडीवर अमेरिकन फौज नदी ओलांडून चढली, तिला परत रेटताना ब्रिटिशांचा सेनापती आयझॅक ब्रॉक पडला. डिसेंबर १८१३ मध्ये अमेरिकन सैनिकांनी पलीकडचं नुआर्क (आजचं नायगारा-ऑन-द-लेक) ऐन बर्फात जाळलं. त्याच महिन्याच्या अखेरीला ब्रिटिशांनी अलीकडे येऊन बफेलो जाळलं. माझ्या मित्राचं घर आहे तेच बफेलो. २५ जुलै १८१४ च्या संध्याकाळी लंडीज लेन इथे सुरू झालेली लढाई मध्यरात्रीपर्यंत चालली. दोन्ही बाजूंचे मिळून दीड हजारावर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि दोन्ही बाजूंनी जय आपलाच झाला असं जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात तह झाला आणि सरहद्द जिथे होती तिथेच राहिली. आज लंडीज लेन हा मोटेलांचा आणि पिझ्झाच्या दुकानांचा रस्ता आहे. हजार पर्यटकांत एखादा तिथल्या दफनभूमीत डोकावत असेल.

पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात पतंग आहे! धबधब्याच्या खाली नदी खोल घळीतून धावते. १८४८ साली तिथे पहिला झुलता पूल बांधायचा होता. पण पहिली तार पलीकडे न्यायची कशी? बोट घालायची सोय नाही, खाली पाणी उकळतंय. मग इंजिनिअर चार्ल्स एलेटने पतंगांची शर्यत लावली. ज्याचा पतंग घळ ओलांडून पलीकडे दोरा पोचवेल त्याला बक्षीस. होमन वॉल्श नावाच्या एका पोराने जानेवारीच्या थंडीत पतंग उडवला. एकदा बर्फाच्या धारदार कडेवर मांजा तुटला, नदीत बर्फ असल्याने पोरगं काही दिवस पलीकडच्या काठावर अडकून पडलं, पण अखेर दोरा पोचला. त्या दोऱ्याला जाड दोरी, दोरीला तार, असं करत दोन देश जोडले गेले. आपल्याकडे संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवून मार खाल्लेल्या सगळ्या पोरांच्या वतीने मी त्या होमन वॉल्शला मनातल्या मनात सलाम केला.

१८५५ मध्ये तिथेच जॉन रोब्लिंगने आगगाडीचा झुलता पूल बांधला. वरून आगगाडी, खालून घोडागाड्या. या पुलाला जी खरी किंमत होती ती तिकिटात मोजता येत नव्हती. १८५० चा पळून गेलेल्या गुलामांविषयीचा कायदा आल्यापासून अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतही गुलाम सुरक्षित नव्हते; मालकाची माणसं कुठेही येऊन धरून नेऊ शकत होती. नदीच्या पलीकडे ब्रिटिश साम्राज्य होतं आणि तिथे १८३४ पासून गुलामगिरी बंद होती. म्हणजे पुलाच्या मध्यावरची रेघ ओलांडली की माणूस कुणाच्या मालकीचा राहत नसे.

हॅरिएट टबमन ही स्वतः गुलामगिरीतून पळालेली बाई. पुन्हा पुन्हा दक्षिणेत जाऊन तिने कितीतरी माणसं बाहेर काढली. १८५६ साली ती जो बेली नावाच्या माणसाला आणि आणखी काही जणांना घेऊन याच पुलावरून आगगाडीने आली. तिच्या चरित्रात सांगितलेली हकीकत अशी: गाडी पुलावर आली तशी बाकीचे खिडकीतून धबधबा बघायला लागले. जो मात्र डोकं हातांत धरून खाली बसून राहिला. त्याच्यावर मोठं इनाम लागलेलं होतं, कुठल्याही क्षणी कुणी खांद्यावर हात ठेवील ही धास्ती. टबमनने त्याला धबधबा बघ म्हणून सांगितलं तरी त्याने मान वर केली नाही. पुलाचा मध्य ओलांडल्यावर तिने त्याला गदागदा हलवून सांगितलं, तू सुटलास! तेव्हा कुठे तो उठला आणि गायला लागला.

धबधब्याजवळ अमेरिकन बाजूला कॅटरॅक्ट हाउस नावाचं आलिशान हॉटेल होतं. दक्षिणेतले श्रीमंत मळेवाले उन्हाळ्यात बायकामुलांसह तिथे येत, सोबत गुलाम नोकर आणत. हॉटेलातले वाढपी बहुतेक सगळे काळे, स्वतंत्र माणसं. मालकांना जेवण वाढता वाढता हेच वाढपी त्यांच्या नोकरांना नदीपार करायची व्यवस्था लावत. हॉटेल आता राहिलेलं नाही. पण २०१८ साली रेल्वे स्टेशनाला लागून या इतिहासाचं एक चांगलं संग्रहालय सुरू झालंय. मित्राने मला तिथे नेलं. नायगाराला येणाऱ्या आपल्या मंडळींनी तासभर काढून ते जरूर बघावं.

याच सरहद्दीवर, पलीकडच्या फोर्ट ईरी गावात, जुलै १९०५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आणि त्यांचे सहकारी जमले आणि समान हक्कांची मागणी करणारी चळवळ त्यांनी सुरू केली. तिचं नाव 'नायगारा मूव्हमेंट'. चार वर्षांनी एनएएसीपी ही मोठी संघटना उभी राहिली, तिची ही पूर्वतयारी म्हणता येईल.

आता तिकिटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अमेरिकन बाजूला धबधबा बघायला आज पैसे पडत नाहीत. गाडी लावायचे पडतात, बोटीचे पडतात, पण काठावर उभं राहून पाणी बघायचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात असं नव्हतं. काठाची जमीन खाजगी मालकीची झाली होती. गिरण्या, दुकानं, कुंपणं यांची इतकी गर्दी झाली की धबधबा बघायचा तर कुणाला तरी पैसे देऊन त्याच्या आवारात शिरावं लागे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड, चित्रकार फ्रेडरिक चर्च अशा मंडळींनी वर्षानुवर्षं चळवळ केली. अखेर राज्य सरकारने जमीन विकत घेतली, इमारती पाडल्या, आणि १५ जुलै १८८५ ला हा काठ सगळ्यांसाठी खुला झाला. पलीकडे कॅनडाचं क्वीन व्हिक्टोरिया पार्क १८८८ मध्ये उघडलं. पाणी बघण्याचा हक्क सगळ्यांचा, हे तत्त्व तेव्हा मान्य झालं. पाणी *वापरण्याचा* हक्क कुणाचा, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ लगेच आला.

कारण वीज. वेस्टिंगहाउस कंपनीने निकोला टेस्लाच्या शोधांवर आधारलेली जनित्रं इथे बसवली, १८९५ मध्ये वीज तयार होऊ लागली आणि १६ नोव्हेंबर १८९६ ला ती तारांवरून बफेलोत पोचली. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. तोवर मात्र ज्याला पाण्याची शक्ती हवी त्याने कारखाना पाण्याशेजारीच उभारायचा, असा नियम होता. टेस्लाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने तो मोडला. (गोट आयलंडवर टेस्लाचा पुतळा आहे. माझ्या मित्राने त्याला हात जोडले. त्याची रोजीरोटी त्यावरच चालते म्हणा!) याच सुमारास विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थाने पाण्याच्या शक्तीवर चालणारं एक नवं शहर वसवायचं म्हणून कालवा खणायला घेतला होता. आर्थिक मंदी आली, वीज दूरवर जाऊ लागली, कालव्याची गरजच उरली नाही. अर्धवट खड्डा तसाच राहिला. १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने त्यात एकवीस हजार टनांच्या आसपास रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली, आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. त्यावर शाळा झाली, भोवती घरं झाली. पुढे तळघरांत रसायनं पाझरू लागली, मुलं आजारी पडू लागली, आणि १९७८ मध्ये लव्ह कॅनॉल हे नाव जगभर पोचलं. लोइस गिब्स या गृहिणीने वस्तीतल्या बायकांना घेऊन लढा दिला. १९८० चा 'सुपरफंड' कायदा झाला त्यामागे हे प्रकरण मोठं कारण होतं. धबधब्यापासून गाडीने फार तर पंधरा मिनिटांवर ही जागा आहे.

विजेच्या दिमाखाची आणखी एक गोष्ट. १९०१ साली बफेलोत मोठं प्रदर्शन भरलं होतं, हजारो दिव्यांनी उजळलेलं, नायगाराच्या विजेचं कौतुक करणारं. ६ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली सकाळी धबधबा बघायला गेले. पुलावर ते अर्ध्यापर्यंतच चालले म्हणतात, कारण पदावर असताना राष्ट्राध्यक्षाने देशाबाहेर पाऊल टाकू नये असा तेव्हा संकेत होता. दुपारी ते प्रदर्शनात परतले आणि तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रदर्शनाच्या छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तेव्हा उजेड पुरेना, म्हणून आरशाने मावळतीचं ऊन जखमेवर पाडावं लागलं. बाहेर एवढी रोषणाई असताना! आठ दिवसांनी ते वारले.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो.

ईरी सरोवरातून नायगारा नदीत सरासरी दोन लाख क्युसेकच्या आसपास पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. हे सगळं पाणी वीज करायला वापरलं तर धबधबा कोरडा पडेल, आणि मुळीच वापरलं नाही तर वीज नाही. म्हणून २७ फेब्रुवारी १९५० ला अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला. एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी आठ ते रात्री दहा, आणि तिथून ऑक्टोबरअखेरपर्यंत सकाळी आठ ते रात्री आठ, धबधब्यावरून किमान एक लाख क्युसेक पाणी सोडायचं. बाकी सगळ्या वेळी, म्हणजे रात्री आणि हिवाळाभर, पन्नास हजार क्युसेक पुरे. उरलेलं पाणी दोन्ही देशांनी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत दरवाजांची एक रांग आहे, तिने हे सगळं सांभाळलं जातं.

म्हणजे आपण उन्हाळ्यात जो नायगारा बघतो तो साधारण निम्मा नायगारा. आणि रात्री आपण हॉटेलात झोपलो की तो पाव राहतो. याचा एक फायदाही झाला. पूर्वी धबधबा वर्षाला मीटरभर मागे सरकत होता, तो वेग आता खूपच कमी झालाय.

उरलेलं पाणी जातं कुठे, ते मित्राने दाखवलं. धबधब्याच्या वर काही किलोमीटरवर पाणी आत घेतात, ते शहराच्या पोटातून सहा-सात किलोमीटर लांबीच्या दोन भल्यामोठ्या बोगद्यांतून लुइस्टनला जातं. तिथे रॉबर्ट मोझेस वीजकेंद्र आहे, तेरा टर्बाइनचं. पलीकडच्या काठावर कॅनडाची सर अॅडम बेक केंद्रं. रात्री पाणी जास्त मिळतं आणि विजेची मागणी कमी असते, म्हणून रात्री हे पाणी पंपाने एका उंच जलाशयात चढवून ठेवतात. दिवसा मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करतात. मोठ्या प्रमाणावर केलेली घरच्या गच्चीवरच्या टाकीचीच युक्ती.

आम्ही त्या जलाशयाच्या बांधावर चढलो. एकोणीसशे एकरांचं सपाट, निवांत पाणी. दोन म्हातारे मासे धरत बसलेले. धबधब्याचा आवाज नाही, रेनकोट नाही, माणसंही नाहीत. मित्र पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाला, "ती घरं दिसतात ना, ती टस्करोरांची. आणि आपण जिथे बघतोय तिथेही होती."

टस्करोरा हे मूळचे नॉर्थ कॅरोलिनातले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढाई झाली, हरले, आणि उत्तरेकडे येऊन इरोक्वॉय संघाचं सहावं राष्ट्र झाले. नायगाराजवळ त्यांना थोडी जमीन शेजारच्या सेनेका लोकांनी दिली. पुढे नॉर्थ कॅरोलिनातली जुनी जमीन विकून आलेल्या पैशांतून १८०४ च्या सुमारास त्यांनी आणखी चार हजारांवर एकर स्वतः विकत घेतली.

१९५६ च्या जूनमध्ये घळीतलं जुनं वीजकेंद्र दरडीखाली कोसळलं. विजेची तातडी निर्माण झाली आणि न्यूयॉर्क राज्याचे बडे प्रस्थ रॉबर्ट मोझेस यांनी नवं केंद्र वेगाने उभारायला घेतलं. जलाशयासाठी टस्करोरांची सुमारे १,३८३ एकर जमीन हवी होती. त्यांनी देऊ केलेले पैसे नाकारले. १९५८ मध्ये मोजणीची माणसं आली तेव्हा बायकामुलं त्यांच्या वाटेत उभी राहिली, गाड्यांपुढे आडवी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ मार्च १९६० ला सहा विरुद्ध तीन असा निकाल त्यांच्या विरोधात लागला. त्यातली मेख पाहा. कायद्याने आदिवासींच्या राखीव जमिनीला संरक्षण होतं, पण राखीव म्हणजे सरकारच्या मालकीची. ही जमीन टस्करोरांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली, म्हणून ती कायद्याच्या अर्थाने राखीव नाही, आणि म्हणून तिला ते संरक्षण नाही! न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की थोर माणसांप्रमाणे थोर राष्ट्रांनीही दिलेला शब्द पाळावा. पण ते अल्पमतात होते. अखेरीस सुमारे साडेपाचशे एकर जमीन गेली. १९६१ मध्ये केंद्र सुरू झालं.

याच टस्करोरांतल्या क्लिंटन रिकार्ड यांनी १९२६ साली एक संघटना काढली होती. १७९४ च्या जे करारात मूळ रहिवाशांना ही सरहद्द मोकळेपणाने ओलांडायचा हक्क मान्य केला होता, तो पुढे नाकारला जाऊ लागला म्हणून. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्द आमच्यावरून गेली. १९२८ मध्ये अमेरिकेने तो हक्क पुन्हा मान्य केला आणि त्या वर्षीपासून जुलैमध्ये ही मंडळी वाजतगाजत पुलावरून चालत जाण्याचा सोहळा करत आली आहेत.

बांधावर हे सगळं सांगताना माझा मित्र एरवीपेक्षा हळू बोलत होता. त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याचं मूळ गाव कोयनेच्या जलाशयात गेलंय. टस्करोरांचा निकाल लागला त्याच सुमारास, साठच्या आगेमागे, कोयनाकाठची गावं उठत होती. कुणी सांगलीकडे, कुणी ठाण्या-रायगडाकडे गेले, पुष्कळ जण डोंगरात वर सरकले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा आला १९७६ मध्ये. तोवर कोयनेची वीज सुरू होऊन चौदा वर्षं झाली होती. त्याची आत्या तेव्हा दहा वर्षांची. ती सांगायची, घराचे वासे, दारं सगळं काढून नेलं, पण उंबरा दगडी होता, तो राहिला. नव्या जागी कितीतरी वर्षं कंदीलच होता. मुंबईला आपल्या पाण्याची वीज जाते हे तिला शाळेच्या पुस्तकातून कळलं.

मित्राचे वडील इथे दोनदा आले होते. तो म्हणाला, "दादांना धबधब्यावर नेलं, तर रेलिंगला पाठ करून पोरांकडे बघत उभे राहिले. बोटीत बसले नाहीत. इथे बांधावर मात्र तासभर होते. तिकडच्या घरांकडे बघून मला म्हणाले, मोबदला किती दिला रे यांना?"

मी त्याला विचारलं, तू स्वतः विजेच्या धंद्यात, मग तुला याचं काय वाटतं? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वीज नको असं मी म्हणणार नाही. माझ्या आईचं ऑपरेशन ज्या दिव्याखाली झालं तोही कुठल्या तरी धरणावरच लागला असणार. दादांनीही कधी धरण नको होतं असं म्हटलं नाही. फक्त कुणी विचारायला आलं नाही, एवढंच ते म्हणायचे. मोजायला आले, विचारायला नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. इतिहासाच्या पुस्तकांत अशा गोष्टींचा हिशेब मेगावॉट आणि एकरांत मांडतात, तो मांडायलाच हवा. नायगाराचं लुइस्टनचं केंद्र २,४०० मेगावॉटच्या वर, कोयना १,९६० मेगावॉट. या आकड्यांमागे खरोखर लाखो घरांतला उजेड आहे आणि तो उजेड आपण सगळे रोज वापरतो. पण नायगाराच्या करारात धबधबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेळापत्रक लिहिलंय, अगदी तासांसकट. पाहुण्यांच्या डोळ्यांना काय हवं याचा एवढा विचार दोन देशांनी केला, आणि दहाच वर्षांनी, तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना नको असताना त्यांची जमीन घेतली. हे दोन्ही निर्णय शहाण्यासुरत्या, कायदा जाणणाऱ्या माणसांनीच घेतले होते.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही गोट आयलंडवर गेलो. धबधब्यावर रंगीत दिवे सोडलेले होते, गर्दी होती, गुजराती-तेलुगू-मराठी सगळं कानावर पडत होतं. दहा वाजून गेल्यावरही थांबलो. डोळ्यांना एकदम काही दिसत नाही, पाणी हळूहळू कमी होत जातं. मित्राने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आता जलाशय भरायला लागला असेल."

नायगाराला जाल तेव्हा बोटीत जरूर बसा, फोटो काढा. मग गाडीने पंधरा-वीस मिनिटं उत्तरेला लुइस्टनला जा. वीजकेंद्राचं पाहुण्यांसाठीचं दालन फुकट आहे आणि मुलांना फार आवडतं. तिथून जलाशयाच्या बांधावरही चढा. आणि आमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाकडे कोयनाकाठच्या उठलेल्या गावांचे जुने फोटो, सातबाऱ्याचे उतारे किंवा नुसत्या आठवणी असतील तर मला जरूर कळवा. मित्राच्या आत्याने आता ऐंशीकडे झुकल्यावर गावातल्या घरांची ओळीने नावं सांगायला घेतलीत, तो फोनवरून लिहून घेतोय. आत्तापर्यंत वरच्या आळीची झालीत. खालची आळी राहिलीय.